चादरींच्या खोलीतल्या हॅलोबाई

हॅलोबाईंशी माझी ओळख भांडणाने झाली, आणि तेही फोनवर. मी तेव्हा बालकल्याण कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. वरिष्ठ म्हणजे काय, तर खुर्चीला हात असतात आणि पंख्याचं बटण आपल्या मागे असतं. रोज सकाळी साडेदहाला, मी नुकताच चष्मा पुसून बसलेला असताना, फोन वाजायचा.

"हॅलो, हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती विभागातून बोलतेय. आमच्याकडे एक पेशंट दाखल झालाय. त्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत. त्यांच्याकडे कोण बघतंय?"

"लेखी कळवा," मी म्हणायचो.

"लेखी कळवलं तर कधी बघाल?"

"आल्यावर."

"कोण आल्यावर?"

"कागद."

"त्यापेक्षा मुलंच पाठवून देऊ का?"

असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी माझा पारा चढला आणि या बाईला समोरासमोर दोन शब्द सुनावायला मी हॉस्पिटलात गेलो. नोंदणीच्या खिडकीत पन्नाशीची, ठेंगणी, केसांत पेन खोचलेली एक बाई बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हॅलो. आलात का? बसा, चहा मागवते." माझे दोन शब्द घशातच राहिले. पुढे कळलं की ती समोर उभ्या माणसालाही 'हॅलो' म्हणूनच सुरुवात करते. त्यावरून अख्खं हॉस्पिटल तिला हॅलोबाई म्हणत असे, आणि डॉक्टरांनाही तिचं खरं नाव पगारपत्रक बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

या बाईने त्याच हॉस्पिटलात एकोणीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं होतं. समोर भोकांचा बोर्ड, हातात वायरी, कानाला हेडफोन. मग आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि बाई रिकाम्या झाल्या. त्यांना घरी पाठवता येईना, म्हणून साहेबांनी व्यसनमुक्तीच्या खिडकीत नेऊन बसवलं. तिथे कुणालाच बसायचं नसे. ऑपरेटरची एक सवय मात्र बाईंबरोबर आली. त्या कुणाला नुसता नंबर देत नसत. स्वतः जोडून द्यायच्या आणि दोन्हीकडून आवाज ऐकू आल्याशिवाय लाईन सोडायच्या नाहीत. "नंबर दिला की माणूस तो खिशात घालतो आणि घरी जातो," असं त्यांचं म्हणणं होतं.

खिडकीत त्यांच्यासमोर दाखल होण्याचा फॉर्म असे. नाव, वय, काय घेता, किती घेता, किती वर्षं घेता, सगळं त्यात होतं. पण घरी पोरंबाळं आहेत का, हे विचारणारी ओळ नव्हती. बाईंनी ती बॉलपेनने प्रत्येक फॉर्मच्या खाली लिहायला सुरुवात केली. छापील फॉर्मवर हाताने लिहिणं म्हणजे आमच्या लेखी मोठाच गुन्हा. वॉर्डच्या सिस्टरनी त्यांना त्याबद्दल झापलंसुद्धा. पण तीन महिन्यांनी त्याच सिस्टरनी ते फॉर्म चाळले आणि मुलांची बेरीज केली. साठ पेशंट होते आणि त्यांची मुलं होती एकशे चार. ती कुठे आहेत, काय खातात, शाळेत जातात का, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे थोडं थोडं सगळ्यांनाच माहीत होतं. वर्गात पोर झोपतं हे शाळेला ठाऊक, घरात आरडाओरडा होतो हे चौकीला ठाऊक, आणि बाप किती पितो हे हॉस्पिटलला. आमचं कार्यालय तक्रार येईपर्यंत काहीच ठाऊक नसल्याचा पगार घेत होतं.

मग बाईंनी आम्हा सगळ्यांना फोन करून एकत्र जोडलं आणि दर मंगळवारी अकरा वाजताची बैठक सुरू झाली. हॉस्पिटलात खोली मिळेना, म्हणून ती चादरींच्या खोलीत भरायची. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर घड्या घातलेल्या चादरी, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल आणि सगळीकडे फिनेलचा वास. टेबलाभोवती आम्ही पाच जण असायचो. वॉर्डच्या सिस्टर, शाळेच्या मॅडम, चौकीतल्या पोलीस ताई, मी आणि हॅलोबाई. पेशंटच्या सहीशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर बाहेर जाणार नाही, असा दंडक सिस्टरनी पहिल्याच दिवशी घातला. टिपणं घ्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी ते आनंदाने घेतलं. मला टिपणं आवडतात. माणसांपेक्षा ती सरळ असतात.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंना ऐकू येत नसे आणि बोलायचं मात्र फार असे. दिवसभर बडबड करणाऱ्या आमच्या हॅलोबाई घरी गेल्या की हातवारे करून संसार चालवायच्या. "तेवढाच गळ्याला आराम," म्हणायच्या. एकदा मी विचारलं, या पोरांचं तुम्ही एवढं का मनावर घेता? त्या चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझे वडील प्यायचे. मी आठ वर्षांची असताना तासन्‌तास पायरीवर बसून असायची. येणारा जाणारा विचारायचा, वडील घरात आहेत का. तू कशी आहेस, असं कुणी विचारलं नाही. फार राग यायचा मला, साहेब. अजून येतो." मग त्यांनी ती चादर फळीवर ठेवली आणि मला पुढच्या मंगळवारचं विचारलं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती सांगताना माझी मान खाली जाते.

एका सोमवारी खिडकीपाशी एक बाई आली. शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी, तिशी-बत्तिशीची. दारूने हात इतके थरथरत होते की सही तीनदा करावी लागली. नवरा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. पदरात दोन मुली, थोरली अकराची आणि धाकटी चार वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लिव्हर थकलंय, आता नाही तर कधीच नाही. अठ्ठावीस दिवस दाखल व्हायला ती तयार होती, पण तिची एकच अट होती. माझ्या मुलींना एकमेकींपासून तोडायचं नाही.

आणि नेमकी तिथेच अडचण होती. आमच्या नियमाप्रमाणे सहाच्या आतलं मूल शिशुगृहात जातं आणि सहाच्या वरचं बालगृहात. एक गावाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. ठेवून घेणारं नातेवाईक कुणी आहे का, असं विचारलं तर ती म्हणाली, कोणी नाही. मी फाईलमध्ये तसंच लिहिलं आणि नियमाप्रमाणे प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिच्या संस्थेचा पत्ता टाकला. सिस्टरनी शुक्रवारी दुपारपर्यंत एक खाट तिच्या नावाने राखून ठेवली.

मंगळवारी चादरींच्या खोलीत तिचा विषय निघाला. सगळ्यांचा जीव कळवळला. प्रत्येकजण म्हणाला, मी घरी जाऊन बोलतो. मी टिपणात लिहिलं, 'घरभेट, उद्या सकाळी दहा.' कोण जाणार, ते मात्र लिहिलं नाही. अठ्ठावीस वर्षं टिपणं घेणारा मी, ते एक नाव लिहायला विसरलो. हॅलोबाई त्या वेळी खिडकीवर पेशंट आला म्हणून उठून गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी विचारलंच असतं.

बुधवारी सकाळी दहा वाजता त्या अरुंद गल्लीत आमच्या कार्यालयाची पाटीवाली जीप शिरली, तर पुढे पोलिसांची गाडी उभी. तिच्यापुढे रिक्षातून उतरणाऱ्या शाळेच्या मॅडम. आणि मागून आली चक्क ॲम्ब्युलन्स, कारण सिस्टरना त्याच वाटेने जाणारी तेवढी एकच गाडी मिळाली होती. आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो. खिडक्या उघडल्या. गॅलऱ्यांमधून माणसं वाकली. एक आजोबा तर खुर्ची घेऊन बाहेर आले.

दार थोरलीने उघडलं, वीतभर. कडेवर धाकटी. तिने आधी ॲम्ब्युलन्स पाहिली, मग पोलीस, मग माझ्या काखेतली फाईल. "आई घरी नाही," ती म्हणाली. आईच्या चपला तिच्या पायाशीच होत्या. मग आम्ही चौघं आहोत हे मोजून म्हणाली, "पाणी आणू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही घाईघाईने काढता पाय घेतला, आणि त्या गडबडीत कोण कुठल्या गाडीत बसलं हेही कुणाला धड कळलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या आईचा खिडकीवर फोन आला. मी दाखल होणार नाही, माझ्या दारात पुन्हा कुणी यायचं नाही, असं म्हणून तिने फोन आपटला. आता आमच्या नियमाचं चाक फिरायला लागलं. उपचाराला नकार, घरात लहान मुलं, म्हणजे सात दिवसांत मुली ताब्यात घेण्याचा आदेश तयार करायचा. तो करणार कोण, तर मी. एका मुलीचा एक पत्ता, दुसरीचा दुसरा. आणि भरीत भर म्हणजे माझी फाईल सापडेना. मी सगळी कपाटं उपसली, शिपायावर ओरडलो, आणि शेवटी ती तिथे विसरली असेल म्हणून हॉस्पिटलात गेलो.

हॅलोबाईंना एव्हाना सगळं कळलं होतं. "चार गाड्या?" त्या म्हणाल्या. "वरात काढली होती का पोरींच्या दारात? आणि ॲम्ब्युलन्स? सिस्टर, तुम्हीसुद्धा?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि साहेब, तुमच्या त्या टिपणांचं लोणचं घाला."

तेवढ्यात खिडकीपाशी थोरली आली. शाळेच्या गणवेशात, एका हातात धाकटीचा हात आणि दुसऱ्या हातात माझी फाईल. ती मी त्यांच्या उंबऱ्यावर विसरून आलो होतो. मला बघून ती जरा बिचकली, मग तिने ती फाईल सरळ बाईंपुढे ठेवली.

"काकू, हे तुमचं आमच्याकडे राहिलं होतं. आईने नाही वाचलं. मी वाचलं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "बस. तू कशी आहेस?"

थोरली बसली नाही. "यात एक चूक आहे," ती म्हणाली. "इथे लिहिलंय, नातेवाईक कोणी नाही. आम्हाला आत्या आहे. आणि इथे माझ्यापुढे एक पत्ता आहे आणि हिच्यापुढे दुसराच आहे. तो पण चुकलाय ना?"

मी तिथेच उभा होतो. ती चूक नव्हती हे मला माहीत होतं. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

"आत्या कुठे राहते?" बाईंनी विचारलं.

"आता माहीत नाही. घर बदललं तिने. आई आणि आत्या बोलत नाहीत. पण आत्या मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापाशी यायची, मला बिस्किटं द्यायची. मग वॉचमनने तिला हाकललं. पोलीस आले. तेव्हापासून येत नाही."

बाईंनी केसांतला पेन काढला. पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. एका कानाला टेबलावरचा फोन, दुसऱ्या कानाला स्वतःचा मोबाईल. शाळेच्या मॅडमना विचारलं, तर हो, सहा महिन्यांपूर्वी कुंपणापाशी एक अनोळखी बाई घुटमळते म्हणून त्यांनीच चौकीला कळवलं होतं. तो सुरक्षेचा विषय, म्हणून मंगळवारी कधी काढला नाही. चौकीत विचारलं, तर पोलीस ताईंनी त्या बाईला समज देऊन तिचं नाव, पत्ता आणि नंबर वहीत लिहून घेतला होता. सिस्टरनी दाखल होण्याचा फॉर्म काढला. तातडीचा संपर्क या ओळीत 'नणंद' असं लिहून वर काट मारलेली होती. म्हणजे आत्या आमच्या चारही दप्तरांत होती. एकात संशयित म्हणून, एकात नंबर म्हणून, एकात काट म्हणून. माझ्यात 'कोणी नाही' म्हणून.

बाईंनी मोबाईलवरून नंबर लावला. आत्या बेकरीत पाव बांधायच्या कामावर होती. मुलींचं ऐकून ती आधी रडली, मग म्हणाली, "मी आत्ता येते. पण ती मला दारात उभं करणार नाही. भाऊ घर सोडून गेला तेव्हा मी भर गल्लीत तिला म्हणाले होते की तुझ्या बाटलीने माझा भाऊ घालवला. दोन वर्षं झाली, तोंड बघितलं नाही आम्ही."

"तोंड नका बघू," बाई म्हणाल्या. "फोन ठेवू नका."

मग त्यांनी टेबलावरच्या फोनवरून कारखान्यातल्या सुपरवायझरला गाठून आईला बोलावून घेतलं. "हॅलो. ठेवू नका. गाडी पाठवत नाहीये, मी बसल्या जागेवरून बोलतेय. कालच्याबद्दल आम्हा सगळ्यांना लाज वाटते. तुमच्या नणंदबाई दुसऱ्या फोनवर आहेत. बोलायचं नसेल तर तसं सांगा, मी बंद करते."

पलीकडून काहीच आलं नाही. नाही असंही आलं नाही. बाईंनी रिसीव्हर आणि मोबाईल एकमेकांना उलटसुलट जोडले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, सिस्टरच्या ट्रेमधली बँडेजची पट्टी घेऊन करकचून बांधले आणि ते बोचकं टेबलावर ठेवलं. हॉस्पिटलात बँडेजला काय तोटा? आम्ही सगळे त्या बोचक्याकडे बघत होतो. अर्धं मिनिट गेलं. कारखान्यातल्या मशिनींची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग मोबाईलमधून आत्याचा आवाज आला. "धाकटीला अजून दुधात साखर लागते का गं?"

मग आई म्हणाली, "नाही ताई. आता नुसतंच पिते."

बाईंनी आम्हाला दाराकडे बोट दाखवलं. सिस्टर, मी, दोन्ही मुली, सगळे बाहेर. त्याही बाहेर आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. फोन पाऊण तास चालला. काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि बाईंनी कधी विचारूही दिलं नाही.

शुक्रवारी साडेअकराला आई दाखल झाली. आत्या एक पिशवी घेऊन मुलींच्याच घरी राहायला आली, म्हणजे शाळा तीच, बालवाडी तीच, गादी तीच. नातेवाइकांची नोंद मी फाईलमध्ये दुरुस्त केली आणि दोन पत्त्यांच्या कागदावर स्वतःच्या हाताने 'रद्द' लिहिलं. इतक्या ठळक अक्षरात मी कधी काही लिहिलं नव्हतं. त्यानंतर आमच्या टिपणात 'कोण जाणार' हा रकाना सगळ्यात आधी भरला जाऊ लागला आणि एका दारात एकाच माणसाने जायचं, असं ठरलं.

सगळं सुतासारखं सरळ झालं, असं काही नाही. घरी परतल्यावर तिसऱ्या महिन्यात आई एकदा घसरली. आत्याने खिडकीवर फोन केला. सिस्टर एकट्या गेल्या, साध्या कपड्यांत, बसने. पाच दिवस पुन्हा वॉर्डात राहून आई परत उभी राहिली. थोरली मात्र त्याही पाच दिवसांत धाकटीला आणायला बालवाडीच्या दारात शाळा सुटल्या सुटल्या हजर असे. आत्या जाणार असली तरी ही जायचीच. मॅडम सांगायच्या की शेवटच्या तासाला तिचं लक्ष घड्याळावरच असतं. अकरा वर्षांची पोर, पण खेळायला म्हणून कधी थांबली नाही.

आणखी चार महिने गेले. एका मंगळवारी आई चादरींच्या खोलीत आली होती, आम्ही तिला आढाव्याला बोलावलं होतं. हात आता स्थिर होते. मॅडम जरा नाराज दिसत होत्या. म्हणाल्या, "वाईट वाटतं सांगायला, पण तुमची थोरली हल्ली बेफिकीर झालीय. काल शाळा सुटल्यावर पाऊण तास मैदानात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी म्हटलं, अगं, धाकटीला आणायचं नाही का? तर खेळ न थांबवताच मला म्हणते, आई आणेल."

आईने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"असं म्हणाली?" तिने विचारलं. "आई आणेल, असं?"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "मागे वळूनसुद्धा न बघता."

आई रडायला लागली. सिस्टरनी फळीवरची एक स्वच्छ चादर तिच्यापुढे सरकवली, कारण जवळ तेवढंच होतं, आणि तिने खरोखरच तिच्यात तोंड खुपसलं. मॅडमना आपण काय बोलून गेलो ते आत्ता कळलं आणि त्यांचेही डोळे भरून आले. हॅलोबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि असं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. त्यांनी फक्त माझ्या वहीवर बोट ठेवलं.

मी लिहिलं, 'काल धाकटीला आईने आणलं. थोरली खेळत होती.' आणि फाईल बंद केली.